बोर्डावरचा उजेड

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज क्वीन माझ्या समोर चार बोटांवर होती. डाव्या पॉकेटला पातळ कट. असले शॉट मी बोलता बोलता मारते. हात बरोबर सुटला होता असं मला अजूनही वाटतंय. पण स्ट्रायकर क्वीनला न लागताच पुढे गेला आणि समोरच्या पॉकेटात पडला. लंच टाइमला बघायला उभे असलेल्यांनी एकमेकांकडे बघितलं. दंड म्हणून आमची एक सोंगटी बाहेर निघाली, आणि कुंदा काहीच न झाल्यासारखी पावडरच्या डब्याचं झाकण लावत बसली.

खरं काय ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. मला क्वीन नीट दिसत नव्हती. लाल डाग दिसत होता, त्याची कड दिसत नव्हती. कॅरममध्ये सोंगटी दिसून भागत नाही, तिची कड दिसावी लागते.

ऑफिसची डायरी दरवर्षी मी भावाच्या मुलांना चित्रं काढायला देते. यंदा ठेवून घेतली.

बुधवार, ८ जानेवारी

फेब्रुवारीच्या पंधरा-सोळा तारखेला मुलुंडला आंतर-कार्यालयीन स्पर्धा आहे. महिला दुहेरीत कुंदा आणि मी सतरा वर्षं खेळतोय. दोनदा जिंकलोय, पाचदा फायनलला जाऊन हरलोय. यंदाची शेवटची, कारण अठ्ठावीस फेब्रुवारीला कुंदा रिटायर होते.

पहिल्या वर्षी मी तिला कुंदामॅडम म्हणायचे. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, बोरिवलीची, वडील प्राध्यापक. मी डिलाइल रोडच्या चाळीतली, वडील गिरणीत. कॅरम मी चाळीच्या गॅलरीत शिकले आणि तिनं कॉलेजच्या जिमखान्यात. आठवडाभरात ती म्हणाली, "समोर बसून खेळायचं आणि मॅडम काय म्हणायचं? कुंदा म्हण." तेव्हापासून कुंदा आणि तू.

श्रुतिका चांगली खेळायला लागलीय. आमच्याच क्लेम डिपार्टमेंटची, सव्वीस वर्षांची. मला दिसत नाही हे ऑफिसच्या रिक्रिएशन क्लबच्या सेक्रेटरीला सांगितलं तर माझ्या जागी तिला बसवतील. तसं करणं बरोबर ठरेल, आणि म्हणूनच मी सांगत नाहीये.

शनिवार, ११ जानेवारी

जवळचा चष्मा माझ्याकडे दोन वर्षांपासून आहे, पर्समध्ये. तो लावून खेळून बघितलं. स्ट्रायकर लख्ख दिसतो, पण समोरचं पॉकेट विरघळतं. दोन नंबरांचा बायफोकल लावायचा तर मान खालीवर करावी लागते, आणि वरच्या दिव्याचा बल्ब काचेत चमकतो.

म्हणून आज कांदिवली वेस्टला चष्म्याच्या दुकानात गेले. डोळे तपासणारी मुलगी गंधाली, दिसायला कॉलेजातली. मला काकू म्हणाली.

"लांबचा नंबर शून्य, जवळचा पावणेदोन," ती म्हणाली. "काकू, हे चाळिशीनंतर सगळ्यांचंच होतं. आतलं भिंग कडक होतं, जवळचं बघायला वाकत नाही."

मी म्हटलं, माझं पोट वाकत नाही ते मी ऐकून घेते, पण हे नको. ती हसली. मग मी तिला कॅरमचं सांगितलं. एवढ्या दिवसांत हे ऐकणारं पहिलं माणूस एक अनोळखी मुलगी निघाली. तिनं लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स सुचवल्या. ट्रायलची जोडी मंगळवारी येईल.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाच्या हातानं डोळ्यात बोट घालायचं नाही, म्हणून सकाळीच साबणानं तीनदा हात धुऊन दुकानात गेले. गंधालीनं बसवून दाखवल्या आणि काढायला शिकवलं. घरी आल्यावर मी स्वतः काढल्या, आणि परत घालायला पाऊण तास लागला. उजवी गेली. डावी बोटावरून उडाली ती दिसेचना. माझा नवरा दत्ताराम गुडघ्यावर बसून बाथरूमबाहेरची लादी चाचपत होता. त्याला शेवटी ती माझ्या गाऊनच्या बाहीवर मिळाली.

"गावली," तो म्हणाला. "आता धुवन घाल. आणि माका सांग, ह्या कित्याक?"

मी म्हटलं, चष्म्याचा कंटाळा आलाय. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि "बरा" म्हणाला. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तो सुपरवायझर आहे. दिवसभर माणसांची कारणं ऐकायची त्याला सवय आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

लेन्समध्ये काहीतरी भानगड आहे. संक्रांतीच्या दुपारी गच्चीवर वाळवणाला जाताना औषधाच्या बाटल्या सोबत नेल्या, तर त्यांच्यावरची मुंगीएवढी अक्षरं सुद्धा वाचता आली. आनंदानं दोन बाटल्या वाचून काढल्या. तेव्हा लांबच्या इमारतीवरची पाटी मात्र जरा धुरकट वाटली. संध्याकाळी स्वयंपाकघरात उलटं. खिडकीबाहेरची पाटी बरी, आणि डाळीच्या पुडक्यावरच्या प्रत्येक अक्षराला त्याची सावली चिकटलेली.

ऑफिसात तर वाट लागली. रिक्रिएशन रूमला खिडकी नाही. बोर्डावर एक टांगता दिवा, त्यातला बल्ब म्हातारा झालाय. प्रत्येक काळ्या सोंगटीला शेजारी एक फिकट सोंगटी. मी कोणती मारायची?

कुंदाचा गेमही घसरलाय. चार सोंगट्या समोर उघड्या असताना ती अंगठ्यानं मागे खेळत बसते, तिच्या स्वतःच्या बाजूच्या पॉकेटांकडे. आणि सोंगटी आत टाकतही नाही. तोंडाशी आणून सोडते. आज असं पाच वेळा झालं. माझ्या बाजूला ज्या पडतात त्या मात्र बरोबर घेते. मी त्या तोंडाशी लटकलेल्या सोंगट्या ढकलत राहते. त्या माझ्यापासून लांब आहेत, त्या मला दिसतात, एवढं नशीब.

दिवसभर तिच्या डोक्यात रिटायरमेंट असणार. आज विचारत होती, "रिटायर्ड लोकांचा वेगळा गट का नसतो गं स्पर्धेत?" मी म्हटलं, नसतो. मग ती ड्रॉवर आवरायला गेली. रोज एकेक वस्तू घरी नेते. काल पेपरवेट नेला.

शनिवार, १८ जानेवारी

गंधालीला सगळं सांगितलं. तिनं दुकानातले दिवे घालवले, एक छोटं यंत्र डोळ्याला लावलं, मग दिवे लावून पुन्हा बघितलं.

"काकू, तुमची बाहुली उजेडात तीन मिलिमीटरला जरा कमी आणि अंधारात साडेपाच. तुमच्या वयाला मोठी आहे."

"मग ते चांगलं की वाईट?"

"दिसायला सुंदर. लेन्सला त्रासदायक."

तिनं कागदावर वर्तुळात वर्तुळ काढून दाखवलं. या लेन्सच्या मध्यभागी जवळचा नंबर, कडेकडेला लांबचा. दोन्ही चित्रं एकदमच डोळ्यात शिरतात आणि मेंदू हवं ते उचलतो. भर उजेडात बाहुली आकसते, मधला भागच वापरात येतो, म्हणून औषधाची बाटली वाचता आली आणि पाटी धुरकट झाली. उजेड कमी झाला की बाहुली पसरते, कडेचा भागही आत येतो, जवळच्या अक्षरावर सावली पडते.

"म्हणजे लेन्स खराब नाही?"

"लेन्सही खराब नाही आणि तुम्हीही नाही. मला फक्त तुम्ही कुठल्या उजेडात, किती अंतरावर बघता ते कळायला हवं. फोटोवरून नाही कळणार." तिनं शोकेससमोरची जागा नजरेनं मोजली. "पुढच्या शनिवारी बोर्ड आणता येईल का इथे?"

मी घरी येऊन दत्तारामला विचारलं. त्यासाठी त्याला सगळंच सांगावं लागलं. तो म्हणाला, "माका म्हायत होता. दोन म्हयने तू मेसेज माकाच वाचूक सांगतंस."

शनिवार, २५ जानेवारी

बोर्ड रिक्षात आडवा बसेना. शेवटी दत्ताराम तिरका होऊन बोर्डासोबत एका रिक्षात आणि मी दिवा, स्टँड, सोंगट्यांचा डबा घेऊन दुसऱ्या रिक्षात. अशी आमची वरात चारकोपच्या घरून निघाली.

गंधालीनं शोकेससमोरची जागा मोकळी केली होती. दिवाळीचा कंदील लावायच्या हुकाला आमचा दिवा टांगला, शटर अर्धं ओढलं, बाकीचे दिवे घालवले. मग मोजपट्टी घेऊन ती बोर्डाशी बसली. माझ्या डोळ्यापासून बेसलाइन, बेसलाइनपासून समोरचं पॉकेट, सगळं लिहून घेतलं. माझ्या दोन हातांचा त्रिकोण करून त्यातून घड्याळ बघायला सांगितलं. मी आपोआप उजव्या डोळ्यानं बघत होते.

"उजवा मालक आहे," ती म्हणाली. "नेमबाजी तो करतो. त्याला लांबचं जास्त सांभाळणारी लेन्स देते, मधे लांबचा नंबर असलेली. डाव्याला जवळची. दोघं मिळून बोर्ड वाटून घेतील."

तीनदा लेन्स बदलल्या. प्रत्येक वेळी वीस मिनिटं थांबून खेळायचं. समोर बसायला कोणी नाही म्हणून दत्ताराम बसला, आणि एक गृहस्थ बायकोचा चष्मा घ्यायला आले होते ते डावीकडे बसले. त्यांना चष्मा मिळून तासभर झाला तरी उठेनात.

तिसऱ्या जोडीला माझ्या हाताजवळच्या काळ्या सोंगटीला कड आली. अख्खी, गोल, एकच कड. मी ती कट मारून टाकली, मग दुसरी, मग क्वीन आणि कव्हर. गंधालीला खेळातलं काही कळत नाही, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"झालं ना काकू?"

"झालं गं," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत माझा शॉट नीट बसावा म्हणून कोणी मोजपट्टी घेऊन जमिनीवर बसलं नव्हतं.

निघताना तिनं सांगितलं की उजेड कमी झाला तर या लेन्सही थोडा दगा देणार. त्यावर इलाज लेन्समध्ये नाही, दिव्यात आहे. सोमवारी ऑफिसचा बल्ब बदलून घेते.

सोमवार, २७ जानेवारी

बल्ब बदलला. सेक्रेटरीला म्हटलं, तो जुना लुकलुकत होता. आठ बोर्ड खेळले. सगळं दिसतंय.

कुंदाला मुद्दामच काही सांगितलं नाही. तिला वाटलं पाहिजे की मी फॉर्ममध्ये आलेय, बस. लेन्सबिन्स ऐकून तिला काळजी लागायची.

पण आता दिसायला लागलं तसं तिचं खेळणं जास्तच खुपतं. उघड्या सोंगट्या सोडते. तोंडाशी आणून ठेवते. ज्या बाईनं मला कट शिकवला तीच.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज मी वाईट वागले. प्रॅक्टिस मॅचला श्रुतिका आणि अकाउंट्सची एक मुलगी समोर होत्या. शेवटच्या बोर्डाला कुंदाच्या पुढ्यात सरळ शॉट होता. तिनं तो सोडला, अंगठ्यानं मागची सोंगटी पॉकेटाच्या ओठावर ठेवली, आणि श्रुतिकानं तिच्या पाळीला बोर्ड संपवला.

मुली गेल्यावर मी म्हटलं, "कुंदा, तुझं मन खेळात नाहीये. घरी जायची एवढी घाई असेल तर तसं सांग."

ती पावडर पुसत होती. हात थांबला तिचा.

"मला घरी जायची घाई आहे असं वाटतं तुला?"

"मग काय? जिंकायचे शॉट सोडतेस. शेवटची स्पर्धा आहे. तुझं काय, तुला पुढे आरामच आहे. मला इथेच राहायचंय, हरून."

तिनं बोर्डावर कापड टाकलं, दिवा बंद केला. गेटपर्यंत आम्ही सोबत चाललो, कारण रोज चालतो. तिथे ती "येते" म्हणाली. रोज "उद्या लवकर ये" म्हणते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तीन दिवस प्रॅक्टिस नाही. कुंदा तिच्या टेबलाशी, मी माझ्या.

लंचला श्रुतिका माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, एक विचारू? कुंदामॅडम तुमच्यासाठी सोंगट्या लावून ठेवतात ना, ते कसं ठरवता तुम्ही दोघी? बोर्ड चालू असताना तर पार्टनरशी बोलता येत नाही. खुणासुद्धा चालत नाहीत."

मी म्हटलं, "लावून काय ठेवते? तिचा जोर कमी झालाय."

"नाही हो. सिंगल्सला माझ्याशी खेळतात तेव्हा एकही तोंडाशी सोडत नाहीत. मला मागच्या आठवड्यात शून्यावर हरवलं."

कुंदाला मध्येच बरे दिवस येत असतील. या वयात असं होतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

झोप लागेना तसं पहाटे उठून बोर्ड मांडला. मला बोर्ड लक्षात राहतात, तेवढी एक देणगी आहे. सोमवारचा शेवटचा बोर्ड जसाच्या तसा लावला. आधी माझ्या जागी बसले, मग उठून कुंदाच्या जागी बसले.

तिच्या जागेवरून सरळ शॉट होता, खरंच. पण तो घेऊन तिची पाळी संपली असती, तर माझ्या पाळीला मारण्यासारखी उरली असती ती एकच सोंगटी, माझ्या पोटाशी, फ्रेमला चिकटलेली. दोन महिन्यांपूर्वीची मी ती बघूही शकले नसते. म्हणून तिनं दुसरी सोंगटी तिच्याकडच्या पॉकेटाच्या ओठावर ठेवली. तिथलं मला दिसतं.

मग आठवून आठवून आधीचे बोर्ड लावले. सतरा तारखेचे, जानेवारीच्या सुरुवातीचे, डिसेंबरमधलेसुद्धा. माझ्या हाताजवळच्या सगळ्या सोंगट्या तिनं घेतल्यात. लांबच्या सगळ्या माझ्यासाठी सोडल्यात. जिंकायचे शॉट सोडून. लोकांत स्वतःचा गेम गेला असं म्हणवून घेऊन. आणि मी सोमवारी तिला काय म्हटलं.

दत्ताराम चहा घेऊन आला तर मी सोंगट्यांसमोर रडत होते. तो चहा ठेवून गेला. थोड्या वेळानं परत आला आणि म्हणाला, "उद्या बोरिवलीक जा. आज नको, आज डोळे सुजलेत. लेन्स बसाची नाय."

रविवार, ९ फेब्रुवारी

कुंदानं दार उघडलं. घरात ऑफिसातून आणलेल्या वस्तू टेबलावर तशाच रचून ठेवलेल्या, कॅलेंडरसकट. मिहिर, तिचा मुलगा, बंगळुरूला असतो. विद्याधरभावजींना जाऊन चार वर्षं झाली. घर एकदम व्यवस्थित. मला वाटलं, किती छान शांतता आहे हिला.

मी चप्पल काढायच्या आधीच म्हटलं, "तुला कधी कळलं?"

"गणपतीनंतर. हॉटेलात तू मेन्यूकार्ड लांब धरलंस आणि मग म्हणालीस, तूच मागव."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस का?" तिनं मला पाणी दिलं. "तू लपवत होतीस. कशासाठी ते मला ठाऊक होतं. त्या पोरीला बसवलं असतं तुझ्या जागी. मला शेवटची स्पर्धा तिच्यासोबत नव्हती खेळायची."

"सोमवारी तरी सांगायचंस. मी तुला काय काय म्हटलं."

"बोर्ड चालू असताना पार्टनरशी बोलायचं नसतं," कुंदा म्हणाली, आणि मग दोघींनाही हसू आलं, आणि मग मला परत रडू.

मी लेन्सचं सगळं सांगितलं. रिक्षा, दुकानातला कंदिलाचा हूक, साडेपाच मिलिमीटर. तिनं मला खिडकीशी नेऊन माझ्या डोळ्यात निरखून बघितलं, जणू लेन्सवर नंबर लिहिलाय.

"म्हणजे आता जवळचं दिसतं तुला."

"दिसतं."

"दोन आठवडे झाले?"

"झाले."

"गाढव आहेस. मी दोन आठवडे उगाच अंगठा मोडून घेतला."

साबुदाण्याची खिचडी केली तिनं. मी निघाले तेव्हा म्हणाली, "अजून अर्धा तास थांबलीस तर काय बिघडेल?" मी दोन तास थांबले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मुलुंडचा हॉल. सकाळी दोन मॅच, दुपारी एक, तिन्ही जिंकलो. कुंदा आज अशी खेळली की श्रुतिका खुर्चीवर उभी राहून बघत होती. एका बोर्डाला ब्रेक करून सलग सात टाकल्या. आणि माझ्या हाताजवळची सोंगटी माझ्यासाठी सोडून दिली. सतरा वर्षांत मला इतका मोठा मान कुणी दिला नसेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

सेमीफायनल आणि फायनल हॉलच्या स्टेजवर. तिथे नवीन शेड लावल्या होत्या, उंच टांगलेल्या, आणि आत कसलेसे बारीक पांढरे बल्ब. प्रेक्षकांसाठी बाकी हॉल अंधारा. बसल्या क्षणी मला कळलं. सोंगट्यांना सावल्या आल्या.

समोर एका बँकेच्या दीप्ती आणि मीरा, दोघी आमच्याच वयाच्या, दरवर्षीच्या ओळखीच्या. पहिला गेम आम्ही नऊ-पंचवीस हरलो. मी तीन वेळा हवेत मारलं. समोरून कुंदा माझ्याकडे बघत होती. मला कळत होतं, दुसऱ्या गेमला ही पुन्हा अंगठ्यानं मागे खेळायला लागणार. आणि ती ते तक्रार न करता करणार.

मी हात वर केला. पंच आले. मी म्हटलं, दिवा खाली घ्या किंवा बल्ब बदला, दिसत नाहीये.

"मॅडम, सकाळपासून पुरुषांच्या दोन सेमीफायनल झाल्या इथे. कोणी तक्रार केली नाही."

स्टेजवर माइक होता आणि तो चालू होता, हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, "त्यांचं मला माहीत नाही. मी एकोणपन्नास वर्षांची आहे. मला जवळचं दिसत नाही म्हणून मी डोळ्यांत लेन्स घातल्यात. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि मला एका सोंगटीच्या दोन दिसतात. हे मी सहा महिने लपवलं. आता नाही लपवणार. उजेड मागणं नियमाविरुद्ध असेल तर तसं सांगा, मी उठते."

सेक्रेटरी पहिल्या रांगेत होते. श्रुतिका त्यांच्या शेजारी.

दीप्तीनं बोर्डावर कोपर टेकलं. "दिवा घ्या हो खाली," ती पंचांना म्हणाली. "मी मघापासून अंदाजानं खेळतेय. पहिला गेम आम्ही कसा जिंकलो ते माझं मला माहीत नाही."

मीरानं पर्समधून चष्मा काढला, लावला, परत काढला. "यानं पॉकेट दिसत नाही, त्याशिवाय सोंगटी दिसत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स म्हणालात ना? कुठे मिळतात?"

मागून एक पुरुष खेळाडू म्हणाले की सकाळी तेही हेच म्हणणार होते, पण कोणी म्हणेना म्हणून गप्प बसले. पंच नियमाचं पुस्तक उघडून उभे होते. ते त्यांनी हात पूर्ण ताणून धरलं होतं. मग त्यांनीच ते मिटलं आणि म्हणाले, "शिडी आणा."

दिवा हातभर खाली आला, मोठा, जास्त उजेडाचा बल्ब लागला. कडा परत आल्या. दुसरा गेम आम्ही पंचवीस-अकरा घेतला, तिसरा पंचवीस-वीस. उठताना दीप्तीनं माझा हात धरला आणि गंधालीच्या दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

फायनल दुसऱ्या एका बँकेशी. तिसऱ्या गेमचा आठवा बोर्ड, आम्ही सतरा, त्या अठरा. क्वीन आम्ही घेतलेली. आमची एक सोंगटी उरलेली, त्यांच्या दोन. माझी पाळी. सोंगटी उजव्या पॉकेटासमोर, सरळ. सोंगटी दिसत होती, पॉकेट दिसत होतं, बोर्डावरचा पावडरचा कण न् कण दिसत होता. आणि मी जोर जास्त लावला. सोंगटी पॉकेटाच्या कोपऱ्यावर आपटून परत आली. त्यांनी पुढच्या पाळीला दोन्ही टाकल्या.

कुंदाकडे बघायची हिंमत होत नव्हती. बघितलं तर ती हसत होती.

"दिसलं का?" तिनं विचारलं.

"सगळं दिसलं गं. नीट बघून चुकले."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मी पण तुझ्या वयाची असताना असा जोर लावायची." आणि तिनं बोर्ड ओलांडून माझ्या गालाला पावडरचा हात लावला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सेंड-ऑफ. सेक्रेटरींनी भाषणात आमच्या आठव्या फायनलचं सांगितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले की पुढच्या वर्षी ऑफिसच्या सगळ्या खेळाडूंचे डोळे तपासून घ्यायचेत, त्यांच्यासकट. कुंदा दोन वाक्यं बोलली आणि बसली. तिला भाषण कधीच जमलं नाही.

गेटपर्यंत सोबत चाललो. तिथे ती काय म्हणते याची मी वाट बघत होते. काहीच म्हणाली नाही. रिक्षात बसली. उद्यापासून निवांत आहे ती. मला मात्र संध्याकाळभर काही सुचलं नाही. दत्तारामनं भात लावला.

मंगळवार, ४ मार्च

एक वाजून पाच मिनिटांनी गेटवरून फोन. "मॅडम, तुमच्या व्हिजिटर आल्यात. पास बनवायचाय, खाली या."

खाली गेले तर कुंदा. नीट इस्त्रीची साडी, केसात मोगरा, हातात डबा. चौतीस वर्षं ज्या गेटातून आत गेली तिथे रजिस्टरसमोर वाकून उभी. गार्ड नवीन होता, त्याला ती माहीत नव्हती. तो म्हणाला, "मॅडम, सगळे रकाने भरावे लागतात."

तिनं नाव लिहिलं. कोणाला भेटायचंय तिथे माझं नाव. भेटीचं कारण या रकान्यापाशी पेन थांबलं. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे तिचं ते बारीक अक्षर मला अगदी स्पष्ट वाचता आलं.

तिनं आधी "ऑफिस काम" लिहिलं, ते खोडलं. मग "सहज" लिहिलं, तेही खोडलं.

मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि लिहिलं, "पार्टनर." गार्डनं ते वाचलं, शिक्का मारला आणि पास कुंदाच्या हातात दिला. तिनं तो साडीला पिनेनं लावला. मग आम्ही दोघी रिक्रिएशन रूमकडे गेलो, कारण लंच टाइम संपायला पस्तीस मिनिटं उरली होती.